कॉलरचं माप

पहिल्या रात्री मला मान नव्हतीच.
हनुवटीखालून टाळूपर्यंत आवळलेला एक पट्टा,
कानांमागून निघालेल्या दोन बारीक नळ्या
आणि त्यांच्या टोकांना लिंबाएवढे दोन फुगे,
त्यांत माझंच काहीतरी तांबूस होऊन साचत होतं.
जुसारा नर्सने मोजलं, वहीत लिहिलं:
उजवीकडे वीस, डावीकडे पंधरा.
इतक्या हिशेबाने माझं काही
आजवर कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

कुरिचिबातला जुलै. समोरच्या छपरांवर दंव.
उताणं झोपायचं, पाठीशी तीन उशा, वळायचं नाही.
चाळीस वर्षं मी डाव्या कुशीवर झोपले,
एस्तानिस्लाऊच्या पाठीकडे तोंड करून,
तो गेल्यावर भिंतीकडे.
आता छत. छताला ओल आलीय, हे मला माहीतच नव्हतं.

ओदिलोन रजा काढून आला, तो कुरकुरतच.
"या वयात, झुल्मिरा? कुणासाठी?"
मान हलवायला बंदी, बोलायला जबडा जड,
म्हणून गप्प राहिले.
त्याला वाटलं, पटलं.

पिन्यांवचा हंगाम. कोपऱ्यावरचा म्हातारा
पाइनच्या त्या बिया पातेलंभर उकडतो, गल्लीभर वास.
मला चावायची मनाई.
ओदिलोनने त्या सोलल्या, कुटल्या, कढणात घातल्या.
मीठ नाही, मिठाने सूज चढते.
एवढं बेचव काही मी जन्मात खाल्लं नाही,
आणि वाटी चाटून पुसून ठेवली.

तिसऱ्या दिवशी नळ्या काढल्या.
"खोका," जुसारा म्हणाली. मी खोकले,
तेवढ्यात ओवलेला दोरा उलटा ओढावा तसं
काहीतरी सर्रकन निघून गेलं.

चौथ्या दिवशी रडू येतं, हेही तिनेच सांगितलं होतं.
कारण शोधू नका, म्हणाली.
मी शोधलं.
आरशात गाल आणि गळा एकच,
बिटाच्या पाण्यात बुडवून काढलेला.
पैसे मोजून हे विकत घेतलं?
शिलाईच्या मशीनवर आठ वर्षं साठवलेले?
ओदिलोनने आरशावर टॉवेल टाकला
आणि रेडिओ मोठा केला.

मग जांभळं खाली उतरलं, छातीपर्यंत,
कडांना पिवळट झालं,
जुन्या कॉलरीला आतून डाग धरतो ना, तसं.
कानाच्या पाळ्या अजून परक्या.
फोन लावला की वाटतं, शेजारणीचा कान उसना घेतलाय.
टाके मी हातातल्या आरशात तपासले.
बारीक आहेत. डावीकडचा एक
मी उसवून पुन्हा घातला असता.

डोक्यावरून काही घालायचं नाही, पुढे बटणं हवीत.
म्हणून त्याचा शर्ट काढला, एक्केचाळीस माप.
ही कॉलर मीच उलटवली होती:
झिजली की उसवायची, फिरवायची, आतली बाजू वर,
शर्ट आणखी पाच वर्षं निघतो.
मान मोडून असल्या हजारो कॉलरी केल्या मी,
एकाही शर्टाला विचारलं नाही, कुणासाठी.

माप घेताना टेप आणि गळ्यात
दोन बोटं ठेवायची, श्वासाला.
पट्ट्यात माझं करंगळीचं टोकही जाईना.
आठव्या दिवशी एक बोट गेलं.
दुसरं अजून नाही.
हनुवटीखाली वाटाण्याएवढी एक गाठ आहे,
विरघळेल, म्हणतात, महिने लागतील.

दोन आठवड्यांनी ओदिलोन निघाला.
फाटकापाशी त्याने हाक मारली,
मी अख्खीच वळले, कपाट सरकवावं तशी.
त्याने कोटाची कॉलर उचलून दाखवली, कडेला दोरे लोंबत होते.
"होईल का काही?"

होकाराला मान झुकवली.
ताणली, दुखली, इंचभर हलली.
बस आली म्हणून त्याने पाहिलं नाही.
कोट मात्र फाटकावर टाकून गेला,
त्या थंडीत.